गरिबाचा घसा आणि सरकारचा हिशेब

घसा बसला म्हणून कोणी मजुरी बुडवीत नाही. ताप चढला, पाय मोडला, पोटात कळ उठली, तर कष्टकरी माणूस नाइलाजाने घरी बसतो. आवाज घोगरा झाला असता मात्र तो मिठाच्या गुळण्या करतो, दुधात हळद टाकून पितो, गावातल्या डॉक्टरकडून खोकल्याचे औषध आणतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. तीन आठवडे जातात, तीन महिने जातात. मग कोणीतरी क्षयाची शंका काढतो. थुंकी तपासली जाते, ती निर्दोष निघते आणि साऱ्या घराला हायसे वाटते. पुढे चढणीवर धाप लागू लागते, घास गिळताना कानात कळ मारते, मानेत गाठ हाताला लागते. तेव्हा कुठे जिल्ह्याच्या ठिकाणचा कान-नाक-घशाचा डॉक्टर आत डोकावतो आणि मुंबईला परळचा रस्ता दाखवितो. तिथे पोचेपर्यंत बहुधा स्वरयंत्र काढून टाकण्यावाचून फारसे काही उरलेले नसते.

वैद्यकीय अहवालांत या प्रकाराला ‘उशिरा झालेले निदान’ असे निरुपद्रवी नाव आहे. जणू उशीर ही रोगाचीच एखादी खोड असावी! वस्तुस्थिती अशी की, या विशिष्ट रोगाने उशीर केलेलाच नसतो. कर्करोगांच्या साऱ्या कुळात स्वरतंतूंचा कर्करोग सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल. जठराचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग महिनोन् महिने दडून बसतो. स्वरतंतूवर मात्र काही मिलिमीटरांचा उंचवटा आला तरी आवाज बदलतो. शिवाय स्वरतंतूंमध्ये लसिकावाहिन्यांचे जाळे अगदी विरळ असल्यामुळे रोग बराच काळ जागचा हलत नाही. (स्वरतंतूंच्या वरच्या भागातील कर्करोगाचे असे नाही, तो उशिरा बोलतो आणि मानेत लवकर उतरतो.) पहिल्या अवस्थेत सापडलेला स्वरतंतूचा कर्करोग दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत आटोक्यात येतो, आणि त्यासाठी गळा कापावा लागत नाही. एक तर काही आठवडे किरणोपचार घ्यावयाचे, नाही तर तोंडावाटे दुर्बिणीखाली लेसरच्या साहाय्याने तेवढाच रोगट भाग काढावयाचा. लेसरने काम एका बैठकीत होते आणि किरणांचा उपाय पुढच्यासाठी हाती शिल्लक राहतो. रोग तंतूवर जरा पसरलेला असेल तर किरणांनी आवाज अधिक चांगला टिकतो, असे अनेकांचे मत आहे. तो वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा. दोन्ही मार्गांनी माणूस जगतो आणि बोलतो, एवढी गोष्ट वादातीत आहे.

हे ज्ञान पूर्वी राजवाड्यातही नव्हते. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ च्या आरंभी बसला. बर्लिनचे शल्यविशारद शस्त्रक्रियेचा आग्रह धरीत होते, लंडनहून बोलावलेला मोरेल मॅकेन्झी तिला विरोध करीत होता, आणि विकृतिशास्त्राचा आचार्य फिर्को याला तपासणीच्या तुकड्यात कर्करोग आढळत नव्हता. शस्त्रक्रियेची भीतीही अनाठायी नव्हती. कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचा पहिला प्रयोग बिलरोथने व्हिएन्नात १८७३ सालीच तर केला होता. महिने गेले. १८८८ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक गादीवर आला तेव्हा तो गळ्यातील नळीने श्वास घेत होता आणि मनातले कागदावर लिहून दाखवीत होता. ९९ दिवसांत तो गेला. सम्राटाचा वैद्य हतबल होता, कारण ज्ञानच अपुरे होते. सोलापूरच्या विडी ओढणाऱ्या हमालाचा आवाज आज जातो तेव्हा ज्ञानाकडे बोट दाखविण्याची सोय उरलेली नाही.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. जीव वाचला हे काय थोडे झाले? ज्या देशात बाळंतिणी मरतात, मुले कुपोषित राहतात, तिथे आवाज वाचविण्याची चैन परवडणार आहे काय? हा युक्तिवाद करणारे बहुधा स्वतः खणखणीत आवाजात तो करतात, ही गोष्ट सोडून देऊ. त्यातील मुख्य दोष अज्ञानाचा आहे. स्वरयंत्र म्हणजे केवळ बोलण्याची पेटी अशी ही समजूत आहे. ते काढले की श्वास मानेला पाडलेल्या कायमच्या छिद्रातून घ्यावा लागतो. नाकातून हवा जाणे थांबल्यामुळे वास जवळजवळ कळेनासा होतो. नाकाने गाळून, ओलावून येणारी हवा आता धुळीसकट थेट फुप्फुसात जाते. पिंजणाऱ्याच्या, गिरणीतल्या, खडी फोडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते सांगावयास नको. पाण्यात उतरणे धोक्याचे होते. आणि ज्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही अशी एक गोष्ट म्हणजे, ओझे उचलताना माणूस क्षणभर श्वास कोंडतो, छाती ताठ करतो, आणि मग जोर लावतो. हा श्वास कोंडला जातो तो स्वरतंतू मिटून. ते गेले की पाठीवर पोते घेण्याचे बळही ओसरते. म्हणजे कारकुनाचे स्वरयंत्र गेले तर त्याचे बोलणे जाते. हमालाचे गेले तर त्याची हमालीही जाते. भाजी विकणारीची हाळी, कंडक्टरची हाक, शिक्षकाचा वर्ग, बैल हाकणाऱ्याचा शब्द, ही सारी उत्पादनाची साधने आहेत. यंत्राची झीज हिशेबात धरणारे शास्त्र माणसाच्या कंठाची झीज मात्र शून्य धरते.

१९८१ साली अमेरिकेत बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला थेट हात घातला. अग्निशामक दलातील जवान आणि कंपन्यांतील वरिष्ठ अधिकारी मिळून ३७ निरोगी माणसांपुढे त्यांनी एक निवड ठेवली. कर्करोग बराच वाढला आहे असे समजा. शस्त्रक्रियेने जगण्याची शक्यता अधिक पण आवाज जाणार, किरणोपचाराने आवाज राहणार पण जगण्याची शक्यता कमी. पाचांपैकी सुमारे एकाने आवाज निवडला. वाचा ही माणसाला आयुष्याच्या काही वर्षांइतकी मोलाची वाटू शकते, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. ही निवड वाढलेल्या रोगातली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आणि वाढलेल्या रोगातही पुढे चित्र पालटले. १९९१ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या ३३२ रुग्णांच्या प्रयोगात, आधी औषधे व मग किरण देण्याची पद्धत वापरलेल्या गटात ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र शाबूत राहिले, आणि दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटाइतकेच, ६८ टक्के भरले. प्राथमिक अवस्थेत तर असा सौदा करण्याचा प्रसंगच येत नाही. तिथे आवाज हा जीव वाचविल्याबद्दल मोजलेला मोबदला नसतो. तो उशिराबद्दल भरलेला दंड असतो, आणि तो भरतो नेमका असा माणूस की ज्याने उशीर खुशीने केलेला नाही.

आता निदान वेळेवर झाले असे समजा. तरी प्रश्न सुटतो काय? स्वरतंतूच्या कर्करोगासाठी किरणोपचाराची रूढ पद्धत म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, अशा ३३ बैठका. जवळजवळ सात आठवडे. प्रत्येक बैठक काही मिनिटांची. पण जिथे यंत्र नाही अशा तालुक्यातील मजुराला या काही मिनिटांसाठी शहरात मुक्काम ठोकावा लागतो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. सात आठवड्यांत सुमारे ४० रोज बुडतात असे धरले, तर १२,४८० रुपये झाले. सोबत बायको किंवा मुलगा येणारच, म्हणजे २४,९६०. हा आकडा कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. आणि चौथ्या आठवड्यात, गळा आतून सोलवटलेला असताना, घरून पेरणीचा निरोप आला की रुग्ण उठून गावी जातो. किरणोपचारात मध्येच असा खंड पडला तर यशाचे प्रमाण घसरते, ही गोष्ट स्वरयंत्राच्या बाबतीत चांगलीच सिद्ध झालेली आहे. रोग उलटतो, आणि मग स्वरयंत्र काढावेच लागते. केसपेपरवर नोंद होते: रुग्णाने उपचार अर्धवट सोडले.

यावर उतारा नाही असे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरसारख्या केंद्रात हेच काम दर बैठकीला किंचित अधिक मात्रा देऊन १६ बैठकांत, म्हणजे तीन आठवड्यांच्या थोड्या वर, पूर्वीपासून केले जात आले आहे. २००६ साली जपानमधील ओसाका येथून प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या अभ्यासात, दर बैठकीची मात्रा थोडी वाढवून मुदत घटविली असता पाच वर्षांनी रोग आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ७७ वरून ९२ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. म्हणजे मुदत घटविल्याने गुण कमी येत नाही, उलट वाढतो. आणि वरचाच हिशेब पुन्हा मांडला तर बुडणारे रोज निम्म्यावर येतात. तेव्हा जिथे प्रकृतीला मानवेल तिथे कमी बैठकांची पद्धत सार्वजनिक रुग्णालयांनी नियम म्हणून स्वीकारावी, ही मागणी वैद्यकाच्या विरोधात जाणारी नाही. वैद्यकाला मजुराच्या पंचांगाची जाण यावी, एवढेच तिचे म्हणणे आहे.

राहिलेल्या रोजांचे काय? महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने महाराष्ट्रात जी आरोग्य योजना चालते, तिच्यातून रुग्णालयाला उपचाराचे ठरावीक पैसे मिळतात. गरिबाला शस्त्रक्रियेसाठी गाय विकावी लागू नये हा तिचा हेतू स्तुत्य आहे. पण तिच्यात बुडालेल्या मजुरीचा रकाना नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली केंद्र व राज्य सरकारांचा मिळून आरोग्यावरील खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते. त्याच लेख्यांत लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा एकूण आरोग्यखर्चाच्या ३९.४ टक्के दाखविला आहे. पूर्वीपेक्षा तो घटला म्हणून समाधान व्यक्त होते. मात्र बुडालेली मजुरी या आकड्यात धरलेलीच नसते. जे मोजायचेच नाही ते घटले काय आणि वाढले काय!

असा खर्च राज्याला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारक कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. म्हणजे आजाऱ्याला उपचाराइतकीच मजुरीही लागते, हे तत्त्व भारतीय राज्यसंस्थेने पूर्वीच मान्य केलेले आहे. फक्त ते कारखान्याच्या फाटकाशी थांबले. क्षयाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले. रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व तेच. शेतमजूर, हमाल, फेरीवाला, घरकामगार यांना किरणोपचाराच्या काळात किमान मजुरी आणि यंत्राजवळ निवारा मिळाला पाहिजे, ही मागणी या तत्त्वाचा सरळ विस्तार आहे. निवाऱ्याची उणीव तर कोणाच्याही डोळ्यांना दिसते. टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर देशभरचे रुग्ण अंथरुणे टाकून राहतात. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अनेकांना आसरा देते. ज्या संताने आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या त्याच्या नावावर राज्यसंस्थेने आपले कर्तव्य किती काळ ढकलावे?

यंत्रांची कथाही अशीच. मोठमोठ्या खाजगी रुग्णालयांच्या जाहिरातींत रोबोटचे हात आणि कोट्यवधींची यंत्रे झळकतात. स्वरतंतूच्या लहानशा गाठीला मात्र मानेच्या दोन बाजूंनी सोडलेले दोन छोटे किरणझोत बहुधा पुरतात. स्वरयंत्र कातडीखाली फार खोल नसल्यामुळे कोबाल्टचे साधे यंत्रही या कामी उत्तम ठरते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी कोबाल्ट यंत्र घडविले आणि त्यातील पहिले २००५ साली खारघरला बसले. कोबाल्टचा जोर सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, तो ठरल्या वेळी बदलावा लागतो आणि वापरलेल्या कोबाल्टची राखणही करावी लागते, हे खरे. परंतु वीज लपंडाव खेळते अशा जिल्ह्यात त्याचा टिकाव अधिक लागतो. दहा लाख वस्तीमागे किमान एक किरणयंत्र या सर्वसाधारण मानकाच्या देश अजून बराच मागे आहे. यंत्रे जमली आहेत ती मोठ्या शहरांत, कारण पैसे फेडू शकणारा रुग्ण तिथे आहे. भांडवलाचा हा स्वभावच आहे; त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. सरकारनेही त्याच्याच मागोमाग जावे, याचा मात्र राग यावयास हवा.

निदानाला तर यंत्रही नको. जिवंत माणसाचे स्वरयंत्र हलताना प्रथम पाहिले ते कोणा वैद्याने नव्हे. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात, दुसऱ्या आरशात स्वतःचे स्वरतंतू पाहिले. इतके स्वस्त उपकरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. आज नाकातून घालावयाची लवचीक दुर्बीण त्याहून सोयीची आहे. पण ती हाताळणारा कान-नाक-घसातज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयासाठी अत्यावश्यक मानलेल्या तज्ज्ञांत मोडत नाही. तो जिल्ह्याला भेटतो. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाचपणी आहे. स्वरयंत्रासाठी तशी सरसकट तपासणी कोणी मागत नाही, आणि मागूही नये. इथे रोग स्वतःच हाक मारतो. ऐकणारा कान हवा आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसाचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर त्याचे स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे, एवढे एक वाक्य प्रत्येक आशा सेविकेला आणि प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला पाठ असावे, आणि तज्ज्ञाने आठवड्यातून एक दिवस तालुक्याला यावे. अशा साध्या उपायांनी काय होते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांशी बोलणे एवढेच केले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले.

स्वरयंत्र वाचविण्याचा हट्ट अवाजवी टोकाला नेणारेही आहेत, आणि त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. कूर्चा पोखरून रोग बाहेर पडला असेल तर शस्त्रक्रियाच हिताची. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील दहा वर्षांत स्वरयंत्राच्या कर्करोगातील जगण्याचे प्रमाण घटल्याचे २००६ साली निदर्शनास आले. शस्त्रक्रियेकडून इतर उपचारांकडे झुकण्याचा काळही तोच होता. या इशाऱ्याचा आदर केलाच पाहिजे. परंतु त्याचा आधार घेऊन इथे जे बोलले जाते ते निराळे आहे. गरीब रुग्ण फेरतपासणीला परत येत नाही, तेव्हा त्याचे स्वरयंत्र ठेवण्यापेक्षा काढलेले बरे, असा तो तर्क आहे. म्हणजे एसटीचे भाडे नसणे हे गळा कापण्याचे वैद्यकीय कारण ठरले! ज्या डॉक्टरवर असा निर्णय घेण्याची पाळी येते त्याला दोष देता येत नाही. तो समोरच्या परिस्थितीत जीव वाचवीत असतो. दोष आहे तो त्या भाड्याची तरतूद न करणाऱ्या अर्थसंकल्पाचा.

विडीचा विषय निघाला की डाव्या आणि समाजवादी मंडळींचीच पंचाईत होते. विडी कामगारांच्या रोजगाराची ढाल पुढे करून कारखानदारांनी विडीवरचा कर वर्षानुवर्षे कमी ठेवून घेतला, आणि कामगारांच्या कैवाऱ्यांनी त्याला साथ दिली. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने तो २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. त्याआधी, २०१७ साली, ज्या उपकरातून विडी कामगारांचा १९७६ चा कल्याण निधी भरत असे तो उपकरच रद्द झाला होता. म्हणजे वळणारणीचा दवाखाना आटला आणि ओढणाऱ्याची विडी स्वस्त राखली गेली. दोघेही बहुधा एकाच वस्तीत राहतात. अॅस्बेस्टॉसची धूळ आणि गंधकाम्लाची वाफ यांनीही स्वरयंत्राचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले आहे; कामगाराने ओढली म्हणून त्याला झाले, एवढ्यावर प्रकरण मिटविणाऱ्यांनी तेही वाचावे.

ज्यांचे स्वरयंत्र आधीच गेले आहे त्यांना तरी वाचा परत मिळू शकते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसणारी छोटी झडप १९८० साली अमेरिकेत सिंगर आणि ब्लोम यांनी पुढे आणली. आयात झडप हजारो रुपयांची, आणि ती काही महिन्यांनी किंवा वर्षाने बदलावी लागते. बंगळूरचे शल्यचिकित्सक विशाल राव यांनी २०१५ च्या सुमारास तशीच झडप सुमारे ५० रुपयांत करून दाखविली. ती लावून बोलावयास शिकविणारा वाचोपचारतज्ज्ञ प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नेमणे, झडप मोफत देणे, आणि किरणोपचाराच्या दिवसांची मजुरी रुग्णाच्या खात्यात जमा करणे, या तीन बाबींसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष उघडले जावे. हृदयातील स्टेंटच्या किमतीवर २०१७ साली सरकारने मर्यादा घातली होती. आयात झडपेच्या किमतीला तोच नियम लावावयास नव्या कायद्याची गरज पडू नये.